सीवूड्सच्या गच्चीवर वेम्बली: भाड्याच्या 'मॅच पॅकेज'बद्दल

नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्स पट्ट्यात बारसं, हळद, गणपतीची आरती आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा या सगळ्यांना स्क्रीन-साउंड पुरवणारे भाडेवाले कमी नाहीत. त्यातल्याच एकाचं 'मॅच पॅकेज' आहे: प्रोजेक्टर, आठ बाय सहाचा पडदा, दोन बारा इंची स्पीकर, छोटा मिक्सर, एक माइक, हातातले चार पेपर ब्लास्ट (जल्लोषाला रंगीत तुकडे उडवणारे नळे) आणि सोबत दोन पोरं, सहा तासांसाठी. आयपीएलला डोळे झाकून घ्यावं असं पॅकेज आहे. पण इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या चॅम्पियनशिपची, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या स्तराची, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरची प्लेऑफ फायनल दाखवायची असेल, तर डोळे उघडे ठेवूनच बुकिंग करा. पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जातात, तिसरी जागा या एका सामन्यावर ठरते. इथे रडारडीही मोठी आणि जल्लोषही मोठा. सामानाला पाचात चार, सेवेला तीन. लग्नसराईत दर एक आणि पावसाळ्यात दुसरा, म्हणून भाड्याचा आकडा इथे लिहून उपयोग नाही.

खरा घोळ घड्याळाचा आहे. २०२५ ची फायनल, संडरलंड विरुद्ध शेफील्ड युनायटेड, २४ मे रोजी आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू झाली. दोन हाफ, मधली पंधरा मिनिटं आणि दोन्हीकडचा इंज्युरी टाइम धरला, तर साडेनऊच्या आसपास शिट्टी वाजते. बरोबरी राहिली तर अर्ध्या तासाचा जादा वेळ, म्हणजे दहा वाजून पाच-सात मिनिटं. तरीही निकाल नाही लागला तर पेनल्टी. २०२३ मध्ये ल्यूटनने कॉव्हेंट्रीला पेनल्टीवरच ६-५ असं हरवून बढती घेतली होती. आणि उघड्यावर लाउडस्पीकरला परवानगी असते रात्री दहापर्यंत. म्हणजे सामना गळ्याशी आला की नेमका तेव्हाच आवाज बंद. तिकडे साडेचारला सुरू होणारा सामना असेल, जसा २०२२ चा नॉटिंगहम फॉरेस्ट-हडर्सफील्ड होता, तर आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात आणि दुसरा हाफ अख्खा मुका जातो.

हे भाडेवाला आपणहून सांगत नाही. विचारलं तर "बघू ना साहेब, कोण येतंय" एवढंच. येतं कोणीतरी. शेजारच्या विंगमधले काका ११२ फिरवायला पेनल्टीची वाट बघत नाहीत. पोलीस ठाण्यातून ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढलेली असली तरी ती दहापर्यंतचीच असते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, आणि ४५ म्हणजे हळू आवाजातल्या गप्पा. पॅकेजसोबत 'तीन ढोल, एक ताशा' अशी जोड देऊ करतात, ती घेऊच नका: रात्रीची बंदी फक्त स्पीकरला नाही, वाद्यांनाही आहे, आणि ढोलवाल्यांना बोलावून साडेनऊपर्यंत नुसतं बसवून ठेवलं तर ते वैतागतात ते वेगळंच.

यावर दोन उपाय चालतात. नियमात बंद सभागृहाला सूट आहे, म्हणून क्लबहाऊस अकरापर्यंत आधीच बुक करून तिथल्या टीव्हीवर तेच प्रक्षेपण तयार ठेवायचं. प्रोजेक्टर हलवायच्या फंदात पडू नका. जादा वेळाआधीची सुट्टी पाचच मिनिटांची असते आणि सेट हलवायला वीस लागतात. दुसरा उपाय सोपा: दहाला मिक्सरचा मुख्य खटका खाली, पडदा चालू. पेनल्टीला कॉमेंट्री लागतच नाही.

आता चित्र. प्रोजेक्टर चार हजार ल्युमेन्सचा, फुल एचडी, लेन्स स्वच्छ. याबाबत तक्रार नाही. पडदा मात्र सभेच्या सादरीकरणांसाठी शिवलेला आहे. फुटबॉलचं चित्र सोळास नऊ प्रमाणाचं, म्हणून आठ फुटी रुंदीवर उंची साडेचार फूटच भरते आणि वर-खाली नऊ-नऊ इंच पडदा रिकामा राहतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे ट्रायपॉडवर पडद्याची खालची कड साडेतीन फुटांवर येते. खुर्चीत बसलेल्या माणसाला ठीक. पण अशा सामन्यात ऐंशीव्या मिनिटानंतर खुर्चीत कोणी नसतं, आणि तिसऱ्या रांगेला मग गोलकीपरऐवजी पहिल्या रांगेची टकली दिसतात.

गच्चीवर पाण्याच्या टाकीची भिंत असेल आणि तिला पांढरा रंग असेल, तर पडदा गुंडाळून ठेवा. भिंतीवर बारा फूट रुंद चित्र घेता येतं, खालची कड सहा फुटांवर ठेवता येते आणि वाऱ्याचा प्रश्न मिटतो. चित्राचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, त्यामुळे उजेड निम्म्याहून खाली येतो; पण पावणेआठनंतर अंधार पुरेसा असतो. मे अखेरीला सूर्य सात-सव्वासातला मावळतो, तेव्हा सामन्याआधीचा कार्यक्रम आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं फिकट दिसणारच. पडदाच वापरायचा असेल तर त्याची पाठ पश्चिमेला करा म्हणजे मावळतीचा उजेड समोरून पडत नाही. पाठ काळ्या कापडाची आहे ना, तेही बघून घ्या. खाडीवरचा वारा संध्याकाळी असा सुटतो की पडद्याचं शीड होतं. पोरं ट्रायपॉडच्या पायाला विटा लावतात, त्या पुरत नाहीत. रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या पाण्याने भरून प्रत्येक पायाला एक बांधली की हलत नाही.

प्रोजेक्टर कुठे ठेवायचा? साध्या लेन्सला चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं: आठ फुटी चित्राला बारा फूट, बारा फुटीला अठरा. बारा फूट म्हणजे बरोबर गर्दीच्या मध्यात, प्लास्टिकच्या टेबलावर. गोल झाला की टेबलाला धक्का, आणि रिप्ले तिरका होऊन टाकीच्या पाइपवर. भाडेवाल्याकडे शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर आहे, तो पॅकेजमध्ये नसतो पण मागितला तर बदलून देतो. तो चार फुटांवरूनच आठ फुटांचं चित्र टाकतो. त्याच्यासमोर खुर्च्यांची आडवी रांग लावून वाट बंद करा. भिंतीवर मोठं चित्र घ्यायचं तर साधाच प्रोजेक्टर उंच स्टँडवर, अठरा फुटांवर, गर्दीच्या मागे.

साउंड उत्तम. बारा इंची दोन स्पीकर पन्नास माणसांच्या गच्चीला भरपूर होतात, अर्ध्यावर ठेवले तरी. फक्त लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घरघर सुरू होते, कारण चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या पॉइंटवर अर्थिंग घेतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की घरघर थांबते, पण बॅटरी तीन तास टिकायला हवी. खरा इलाज डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावून ही घरघर तोडणारी डबी. तो दुकानात असतो आणि जादा पैसे न घेता मिळतो, मात्र नाव घेऊन मागावा लागतो. दुसरी नेहमीची चूक: एचडीएमआय जोडली की आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या इवल्याशा स्पीकरमधून येतो आणि पोरं मिक्सर बडवत बसतात. लॅपटॉपमध्ये आवाजाचं आउटपुट हेडफोन जॅकवर वळवा. ब्लूटूथने तर जोडूच नका, बॉल जाळीत गेल्यावर बुटाचा आवाज येतो.

प्रक्षेपणाची जबाबदारी पॅकेजमध्ये नाही, ती तुमची. इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. आवाज येतो आणि चित्र काळं राहतं: हा दोष इंटरनेटचा नाही, स्वस्तातला टाइप-सी अ‍ॅडॅप्टर किंवा मधला स्प्लिटर कॉपीरोधक संकेत पुढे पाठवत नाही, म्हणून अ‍ॅप चित्र रोखून धरतं. सरळ एचडीएमआयची केबल लावा. कॅमेरा मैदानावरून फिरताना चित्र अडखळतं: युरोपातल्या सामन्यांचं चित्रण सेकंदाला पन्नास फ्रेमचं असतं आणि लॅपटॉप साठने दाखवत असतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चं ५० हर्ट्‌झ केलं की लोण्यासारखं चालतं. हे पोरांना माहीत नसतं, सांगितलं की चटकन करून देतात. आणि तिसरं, गच्चीवर पन्नास मोबाइल एकाच टॉवरला चिकटलेले असताना हॉटस्पॉटवर विसंबणं. वरच्या मजल्यावरच्या घरातून तीस मीटरची लॅन केबल खिडकीतून वर घ्या. दहा एमबीपीएस स्थिर मिळालं की पुरे.

केबल कितीही चांगली असली तरी ऑनलाइन प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळाच्या वीस-तीस सेकंद मागे असतं. स्कोअरच्या अ‍ॅपची सूचना त्याआधी खिशात थरथरते. २०२५ च्या फायनलमध्ये संडरलंड २५ व्या मिनिटापासून एका गोलने मागे होतं. ७६ व्या मिनिटाला एलिएझर मायेंडाने बरोबरी केली आणि ९५ व्या मिनिटाला टॉम वॉटसनने विजयी गोल मारला. २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरून पुढच्याच वर्षी तिसऱ्या स्तरावर गेलेला क्लब आठ वर्षांनी परत वर आला, तो त्या एका फटक्यावर. तो गोल अंगठ्याएवढ्या नोटिफिकेशनमधून कळला तर पडदा-स्पीकरचं भाडं पाण्यात. गच्चीच्या दारातच स्कोअर अ‍ॅपच्या सूचना बंद करायला लावा. चप्पल काढायला सांगतो तसं, ठामपणे.

विजेचं थोडक्यात: प्रोजेक्टर आणि राउटर एक केव्हीएच्या यूपीएसवर, स्पीकर थेट लाइनवर. वीज गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर गरमच बंद होतो, आणि गार होऊन पुन्हा पेटायला काही मिनिटं घेतो. यूपीएस पॅकेजमध्ये नाही. असायला हवा होता.

पेपर ब्लास्टबद्दल मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण जल्लोष तिथेच फसतो. पॅकेजमधले चारही नळे चंदेरी-सोनेरी फॉइलचे असतात. फॉइलमधून वीज वाहते, आणि गच्चीवर उघडे एक्स्टेंशन बोर्ड असतात. कागदाचे मागा, संघाच्या रंगाचे मागा. संडरलंडसाठी लाल आणि पांढरे निम्मे-निम्मे, आणि दोन दिवस आधी सांगा. नळ्याच्या बुडाशी दाबलेल्या हवेची नळी असते. खालचा भाग बाणाच्या दिशेने पिळला की सुटते, अर्धवट पिळून थांबलात तर फुसका बार. तोंड वर आणि गर्दीपासून बाहेर, चेहऱ्याच्या रेषेत कधीच नाही, आणि लेन्सकडे तर मुळीच नाही.

केव्हा उडवायचा हेही ठरलेलं असू दे. चॅम्पियनशिपच्या हंगामभर व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच, नसतो, वेम्बलीच्या फायनलला असतो, आणि वर्षभर गोल झाला की झाला अशी सवय लागलेले लोक इथे फसतात. २०२५ मध्ये शेफील्डचा दुसरा गोल, हॅरिसन बरोजने मारलेला, तपासणीनंतर ऑफसाइडमुळे रद्द झाला. त्या गोलावर नळे उडवणाऱ्यांना नंतर झाडूच मिळाला असता. चारपैकी एकही नळा शेवटच्या शिट्टीआधी फोडायचा नाही, आणि चारही एकाच शहाण्या माणसाच्या ताब्यात.

गुलालाची हौस असते, असणारच; आपल्याकडे सरपंच निवडून आला तरी गुलाल. पण प्रोजेक्टरचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो. मूठभर गुलाल जाळीवर बसला की पाच-दहा मिनिटांत तापमानाचा दिवा लागतो आणि यंत्र स्वतःला बंद करतं, आणि साफसफाईचे पैसे डिपॉझिटमधून कापतात, रास्तच आहे. गुलाल खाली गेटपाशी, गाड्यांपासून लांब.

सेवेचे गुण कापले ते यासाठीही: शिट्टी वाजली की पोरं केबल गुंडाळायला लागतात. क्रिकेटच्या सामन्यात चालून जातं. इथे खरा सोहळा शिट्टीनंतर असतो. वेम्बलीवर विजेते १०७ पायऱ्या चढून रॉयल बॉक्समध्ये जातात आणि चषक तिथे उंचावतात, त्याला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. तोवर पडदा चालू हवा. सहा तास दुकानातून सामान निघाल्यापासून मोजतात, गच्चीवर लागल्यापासून नाही, आणि चारला निघालं तर दहाला वेळ संपते. साडेपाचला निघायला सांगा, जोडणीला दीड तास पुरतो. जादा तासाचा दर चलनावर लिहून घ्या आणि 'चषक उचलेपर्यंत' हे शब्दही.

सामान परत देताना केबल मोजून द्या. सगळ्यात आधी माइकची केबल हरवते. कागदाचे तुकडे मात्र पोरं झाडत नाहीत, आणि भिजले की त्यांचा रंग लादीवर उतरतो. २०२५ मध्ये फायनल २४ ला झाली आणि मान्सून नेहमीच्या ११ जूनऐवजी २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला. त्यामुळे ताडपत्री हाताशी ठेवा, आणि त्याच रात्री झाडू मारताना आधी गच्चीच्या कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या जाळ्या मोकळ्या करा.