वाशीचं खाडीकाठचं घर की घणसोलीचं गॅसवाहिनीजवळचं?

माझ्या मावसबहिणीने दोन घरं पक्की करत आणली आहेत. एक वाशीत, खाडीच्या बाजूला. आभाळ स्वच्छ असेल तर गच्चीवरून पलीकडे ट्रॉम्बे दिसतं, म्हणजेच भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर. दुसरं घणसोलीत, बरंच स्वस्त, पण कुंपणाबाहेर गॅसवाहिनीचे पिवळे खांब रोवलेले. तिच्या सासऱ्यांचं म्हणणं एकच, अणुभट्टीसमोर राहायचं नाही. ती मला म्हणाली, "ताई, भीती दोन्हीकडे आहे. कमी कुठे ते सांग." मी बरीच वर्षं कारखान्यांच्या सुरक्षा विभागात काढली आहेत, म्हणून हा हिशेब मांडते. तिच्यासारखे आणखीही कोणी अडले असतील.

हे दोन धोके एकाच पट्टीने मोजायचे नसतात. गॅसवाहिनीचं अंतर मीटरमध्ये बघायचं आणि अणुभट्टीचं किलोमीटरमध्ये.

आधी वाहिनी. अमेरिकेत नियमातच एक सोपं सूत्र आहे. वाहिनीचा व्यास इंचांत घ्या, दाब पौंड प्रति चौरस इंचात घेऊन त्याचं वर्गमूळ काढा, दोन्हींचा गुणाकार करा आणि त्याला 0.69 ने गुणा. येतात ते फूट. वाहिनी फुटून पेटली तर तिच्यापासून साधारण तेवढ्या अंतरापर्यंत माणसं आणि घरं होरपळू शकतात. 12 इंची वाहिनी आणि 19 बार दाब, म्हणजे सुमारे 275 पौंड, धरला तर उत्तर 42 मीटरच्या आसपास येतं. 30 इंची वाहिनीत 60 बार असेल तर ते 185 मीटरपर्यंत जातं. म्हणून "वाहिनी जवळ आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार शहरी गॅसच्या मुख्य जाळ्यात 7 ते 49 बार दाब असू शकतो. स्वयंपाकघरात येतो तो गॅस मात्र 21 मिलिबारवर असतो. घरातल्या पाइप गॅसची भीती आणि या वाहिनीची भीती कृपा करून एकत्र करू नका.

वापरहक्काच्या पट्ट्याबद्दलही, म्हणजे वाहिनी टाकायला जमिनीच्या ज्या पट्टीचा हक्क घेतात तिच्याबद्दलही, गैरसमज असतो. पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांच्या 1962 च्या कायद्याने त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, झाडं यांना मनाई आहे. पट्ट्याबाहेर इमारत उभी राहिली की या कायद्याची ही मनाई तिला लागत नाही, पण पट्टा काही वरच्या हिशेबाने आखलेला नसतो. बिल्डर "पट्ट्याच्या बाहेर आहे" म्हणाला तरी अंतर आपण मोजायचंच.

27 जून 2014 ला आंध्रातल्या नगरम गावात 18 इंची वाहिनी पहाटे फुटली आणि वीसहून अधिक माणसं गेली. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोत 9 सप्टेंबर 2010 ला 30 इंची वाहिनी फुटली. आठ माणसं दगावली, 38 घरं बेचिराख झाली आणि गॅस बंद करायला 95 मिनिटं लागली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणखी एक गोष्ट, लांब पल्ल्याच्या वाहिन्यांतल्या गॅसला आपल्याकडे सहसा वास नसतो, वास मिसळला जातो तो शहराच्या वेशीवरच्या केंद्रात. अशी वाहिनी गळली तर नाकाला कळेलच असं नाही.

आता खाडीपलीकडचं. ट्रॉम्बेला वीजकेंद्र नाही, संशोधन भट्ट्या आहेत. त्यांतली मोठी ध्रुव, 1985 ची, 100 मेगावॉट उष्णतेची. तारापूर अणुवीज केंद्रातली एक भट्टी 540 मेगावॉट वीज देते, पण तिच्यातली उष्णता ध्रुवच्या सतरा पटींच्या आसपास भरते. वाशीपासून ट्रॉम्बे सरळ रेषेत आठ-दहा किलोमीटर आणि मध्ये खाडी.  वीजकेंद्रासाठी आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र 16 किलोमीटरचं धरतात. वाशी ट्रॉम्बेपासून त्याहून जवळ आहे, पण ट्रॉम्बे वीजकेंद्र नाही आणि तिथली भट्टी कितीतरी लहान आहे.

खरा अवघड प्रश्न हे दोन्ही शेजारी आले की उभा राहतो. न्यूयॉर्कच्या उत्तरेला इंडियन पॉइंट अणुवीज केंद्राजवळून 42 इंची वाहिनी टाकायला 2015 मध्ये परवानगी मिळाली. भट्टीभोवती जाड काँक्रीट असतं, तिथे फारसं भय नाही. भय असतं ते बाहेर उघड्यावर असलेल्या गोष्टींचं: विजेचं स्विचयार्ड, जनित्रांच्या डिझेल टाक्या, पाण्याचे पंप. फुकुशिमात 2011 ला भट्ट्या वितळल्या त्या वीज गेल्याने आणि थंड करायचं थांबल्याने. इंडियन पॉइंटच्या हिशेबात वाहिनी तीन मिनिटांत बंद होईल असं गृहीत धरलं होतं. तिथल्या अणु नियामकाच्याच महानिरीक्षकांनी फेब्रुवारी 2020 मध्ये त्या विश्लेषणावर कडक ताशेरे ओढले. पुढे तज्ज्ञांच्या गटाने केंद्र सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि एप्रिल 2021 मध्ये केंद्राची शेवटची भट्टी कायमची बंद झाली. तरी तीन आणि पंचाण्णव मिनिटांमधलं अंतर मला आजही अस्वस्थ करतं.

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या शेजारी माहुलची तेलशुद्धीकरण केंद्रं आहेत आणि ऑगस्ट 2018 मध्ये तिथल्या एका केंद्रात मोठा स्फोट झाला होता. ही चिंता रास्त आहे, पण ती आधी चेंबूर-माहुलकरांची. एवढ्या अंतरावरून वाशीच्या घरावर काट मारण्याइतकी मला ती वाटत नाही.

माझा कौल वाशीला, किंमत झेपत असेल तर. घणसोली मी थेट नाकारणार नाही. पिवळ्या खांबावर कंपनीचं नाव आणि आपत्कालीन क्रमांक असतो. तिथे लेखी विचारायचं: व्यास किती, दाब किती, सर्वांत जवळचा व्हॉल्व्ह कुठे, तो दुरून बंद होतो की माणूस जावा लागतो. मग सूत्र मांडायचं. इमारत त्या अंतराच्या बाहेर निघाली तर घर घ्यायला माझी हरकत नाही. आत निघाली, किंवा आकडे मिळालेच नाहीत, तर वाचणारे पैसे सोडून द्यायचे. रविवारी आम्ही दोघी मोजपट्टी घेऊन तिकडे जाणार आहोत.