‘1956 चा ओरिजिनल जेन्सन’ घेताय? आधी हे वाचा

खानापूरच्या एका गिटारवादकाने ऑनलाइन जाहिरात बघून 12 इंची जेन्सन (जुनी अमेरिकन कंपनी) स्पीकर 28,000 रुपयांना घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं ‘1956 चा, ओरिजिनल कोन, 8 ओहम’. कोन म्हणजे थरथरून आवाज काढणारा कागदी पडदा, ओहम म्हणजे विजेच्या रोधाचं माप. बेळगावात दुरुस्तीच्या टेबलावर आल्यावर तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. असला माल आपल्या भागात अजून फिरतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

स्पीकरच्या धातूच्या सांगाड्याच्या कडेवर 220632 असा ठसा होता. जुन्या अमेरिकन स्पीकरवर सुरुवातीचे आकडे कारखान्याचे असतात: 220 जेन्सन, 465 ऑक्सफर्ड, 137 सीटीएस, 328 यूटा, तर एमिनन्सचे दोनच, 67. शेवटचे दोन आकडे म्हणजे वर्षातला आठवडा. मधला 6 हा वर्षाचा फक्त शेवटचा अंक. त्यामुळे 1956 चा 32 वा आठवडा असू शकतो तसा 1966 चाही. विकणारा अर्थातच जुनं साल सांगतो, कारण भाव त्यालाच. नंतरच्या मालावर साल दोन आकडी येतं, 1377012 म्हणजे सीटीएस, 1970, 12 वा आठवडा. आठवड्याच्या जागी 53 च्या वरचा आकडा दिसला तर तो तारखेचा कोडच नव्हे, किंवा ठसा बनावट आहे.

मग दशक ठरवायचं कशावरून? मॉडेलवरून. याच्या लेबलावर सी 12 एन होतं. जेन्सनमध्ये पी म्हणजे अल्निको (मिश्रधातूचा) मॅग्नेट, सी म्हणजे सिरॅमिक. सी 12 एन साठच्या दशकातला, तेव्हा हा 1966 चाच. फोटोतही मागे सिरॅमिक मॅग्नेटची चपटी जाड चकती स्पष्ट दिसत होती. जाहिरात नीट बघितली असती तरी इथेच थांबता आलं असतं.

खरी लबाडी मात्र कोनमध्ये होती. कोड सांगाड्याचं वय सांगतो, कोनचं नाही. सांगाडा गंजलेला, पण कोन एकसारखा काळाकुळकुळीत. कोनच्या मधोमध असलेल्या टोपीभोवती (डस्ट कॅप) ताजा पारदर्शक गोंद. कोनपासून टर्मिनलला जाणाऱ्या विणलेल्या तारा चकचकीत आणि झाळकाम नवं. कडेची गॅस्केट, म्हणजे कोनच्या काठावरची पट्टी, जराशी उचलली तर खाली जुन्या तपकिरी गोंदाचे खरवडलेले थर. कोन बदलणं गुन्हा नव्हे, चांगल्या कारागिराने बदललेला स्पीकर वर्षानुवर्षं वाजतो. पण तो ओरिजिनलच्या भावाने विकणं ही शुद्ध फसवणूक. त्यातून इथे कोनला मागे चिकटलेली तारेची कॉइलही नीट मध्यावर बसवली नव्हती. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हलकेच सारखं दाबलं की खरखर ऐकू यायची.

ओहम बघायला स्पीकर ॲम्पपासून सोडवून घ्या, मल्टीमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून येणारा आकडा वजा करा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो, 16 चा 12 ते 13, 4 चा तीन-साडेतीन. हा 3.4 दाखवत होता, म्हणजे 4 ओहमचा! किमान 8 ओहम मागणाऱ्या ट्रान्झिस्टर ॲम्पला असा जोडून आवाज वाढवला तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापून जळू शकतात.

पैसे देण्याआधी ठशाचा जवळून फोटो, मागच्या मॅग्नेटचा, टर्मिनलचा आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो मागा. कोन दाबतानाचा आवाजासकट व्हिडिओही मागा. टाळाटाळ झाली तर ॲडव्हान्स देऊ नका. यूपीआयने पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती नंतर काढून टाकली जाते.