देवमाशांच्या नावावर ३६ हजार गेले

माझा मुलगा सातवीत आहे आणि देवमाशांचं त्याला वेड आहे. इथे नागपुरात समुद्र चित्रातच बघायचा. म्हणून व्हॉट्सॲपवर ‘कोकणात देवमाशांचं स्थलांतर पाहा, जबाबदार पर्यटन’ असं पोस्टर आलं तेव्हा मी लगेच फोन केला.

तो माणूस फार नीट बोलला. बोट देवमाशापासून १०० मीटर लांब ठेवतो, पाठलाग करत नाही, जवळ गेल्यावर इंजिन मंद करतो, सोबत सागरी जीवशास्त्रज्ञ असतो. नेमकं हेच ऐकून माझा विश्वास बसला. “ताई, डिसेंबरात अंटार्क्टिकाहून कळप येतात, शंभर टक्के दिसणार,” असंही म्हणाला. माणशी ९ हजार, चौघांचे ३६ हजार. मी यूपीआयवरून पाठवले, ते एका व्यक्तीच्या खात्यावर. पावती साध्या कागदावर, त्यावर ना जीएसटी क्रमांक ना पत्ता.

पोस्टरवर हंपबॅक देवमासा होता. दक्षिण गोलार्धातले हंपबॅक डिसेंबरात खाण्यासाठी उलट अंटार्क्टिकाकडे गेलेले असतात. अरबी समुद्रातले हंपबॅक तर स्थलांतर करतच नाहीत, वर्षभर इथेच राहतात, आणि तेही इतके थोडे की ओमानच्या किनाऱ्यावरच्या मोजणीत शंभरसुद्धा भरले नाहीत. हे सगळं मुलाने परत आल्यावर वाचून मला सांगितलं. पैसे भरण्याआधी त्यालाच विचारायला हवं होतं.

मडगावच्या गाडीने जवळजवळ एक दिवस प्रवास करून कुडाळला उतरलो, तिथून मालवण. सांगितल्याप्रमाणे पहाटे सहाला जेट्टीवर. सासूबाई शाल पांघरून उभ्या, मुलाच्या गळ्यात दुर्बीण. साडेसात वाजले तरी कुणी नाही, आणि फोन बंद. जाळं आवरणाऱ्या एका काकांना बोटीचं नाव सांगितलं तर ते म्हणाले, या नावाची बोट या बंदरात नाही. देवमासा कधीतरी खोल समुद्रात दिसतो, पण तो दाखवतो म्हणून पैसे कोण घेईल? मुलगा काही बोलला नाही. त्याने दुर्बीण डब्यात ठेवली. ते बघणं मला पैशांपेक्षा जड गेलं.

नंतर त्याच काकांच्या ओळखीच्या बोटीने डॉल्फिन बघायला गेलो. नावाड्याने आधीच सांगितलं, दिसले तर दिसले. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय त्याने कुणाला बोटीत घेतलं नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी तिसऱ्या दिवशी फोन केला. तिथे कळलं की पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. माझे अजून आलेले नाहीत. बोट बुक करताना तिचं नाव आणि परवाना विचारा, आणि त्या बंदरात फोन करून खात्री करा. प्रवासी बोटींना महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. मी एक फोन केला असता तर हे टळलं असतं.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच पोस्टर आलं. फोटो तोच, नंबर नवा, खाली लिहिलंय, ‘फेब्रुवारी बॅच, शेवटच्या सहा जागा’.