आयडलिंगला बंद पडणारी गाडी आणि हातखंबा-पाली रस्त्यावरचे गॅरेज

आंबा घाट उतरताना वळणावर क्लच दाबताच, म्हणजे इंजिनने आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मंद गतीने) चालू राहायला हवे तेव्हा, ते बंद पडत असेल, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. इंजिन थांबल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम (निर्वात) एकदोनदा पेडल दाबेपर्यंतच पुरतो. आमच्या पेट्रोल गाडीचा हा दोष रत्नागिरी जिल्ह्यातील हातखंबा ते पाली या पट्ट्यातील मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका लहान गॅरेजात दूर झाला, आणि तो ज्या पद्धतीने शोधला गेला त्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे.

तत्पूर्वी शहरातील एका मोठ्या वर्कशॉपने प्लग बदलले होते आणि गुण न आल्याने पेट्रोल पंप बदलण्याचा सल्ला दिला होता. येथील मिस्त्रींनी मात्र बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर? एसी लावल्यावर प्रमाण वाढते का? घाट चढताना ओढ कमी वाटते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येताच त्यांनी पंपाचा विषय जवळपास बाजूला ठेवला. पंप अशक्त असेल तर जास्त पेट्रोल लागते तेव्हा, म्हणजे चढावर, तो आधी उघडा पडतो. चढ सहज चढणारी गाडी उतारावर बंद पडत असेल तर दोष हवेच्या वाटेत शोधावा, असे त्यांचे म्हणणे होते.

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलेला नव्हता आणि गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरमध्येही दोषाचा कोणताही कोड सापडला नाही. अनेक ठिकाणी तपासणी येथेच संपते. यांनी चालू इंजिनचे आकडे पाहिले: इंधनाची दुरुस्ती (हवेच्या मानाने पेट्रोल किती कमी-जास्त करावे लागते तो आकडा) शून्याच्या आसपास होती, मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील, दाबही नेहमीसारखा होता, त्यामुळे फाटलेल्या व्हॅक्यूम नळीची शक्यता मागे पडली. तरीही उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या आणि खाऱ्या हवेने हिरवे पडलेले कनेक्टर त्यांनी हाताने तपासून घेतले, कारण किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे दोन्ही नेहमीचेच असते. खटकणारी गोष्ट एकच होती. आयडलिंगसाठी थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जेवढा उघडायला हवा त्यापेक्षा बराच जास्त उघडून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजिन कसेबसे चालू ठेवत होता.

थ्रॉटल बॉडी उतरवल्यावर त्यातील झडपेच्या पाकळीच्या कडेला काळ्या, चिकट कार्बनचे कडे दिसले. आयडलिंगला इंजिन याच बारीक फटीतून श्वास घेते. उतारावर गाडी गिअरमध्ये आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजेक्टर पेट्रोल बंद ठेवतात. क्लच दाबला की चाकांचा आधार सुटून आरपीएम झपाट्याने खाली येतात आणि त्या क्षणी हवा व पेट्रोल दोन्ही वेळेवर मिळाले नाहीत तर इंजिन सावरत नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागल्यावर बंद पडण्याचे कारणही हेच होते.

येथवर एखादा चांगला मेकॅनिक पोहोचतोच. मला विशेष वाटले ते पुढचे. एवढा कार्बन का साचला, हे पाहण्यासाठी त्यांनी डिपस्टिक काढली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही वर होते. मागील सर्व्हिसिंगमध्ये जास्त भरलेल्या ऑइलची वाफ ब्रीदर नळीतून (इंजिनातील वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) थ्रॉटलवर जात होती. त्यांनी जादा ऑइल काढले आणि या वाफेला वाट देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासला. हल्ली अशा प्रत्येक तक्रारीचे खापर पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलवर फोडले जाते; आमच्या गाडीत त्याचा संबंध नव्हता.

साफसफाई क्लीनरचा फवारा कपड्यावर मारून केली, थेट थ्रॉटलच्या मोटरवर नव्हे, आणि पाकळी बोटाने ढकलली नाही. त्यानंतर इंजिन १३०० आरपीएमवर फिरू लागले, तेव्हा मी साशंक झालो. परंतु ईसीयूला जुन्या, चोंदलेल्या थ्रॉटलची सवय झालेली असल्याने असे होते, असे सांगून त्यांनी स्कॅनरने ती नोंद पुसली आणि आयडलिंग पुन्हा शिकवले. काटा ८००च्या खाली स्थिरावला. मग एसी, हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहिले. बिल १,४०० रुपये झाले.

उणिवा आहेतच. बिलावर कामाचा तपशील नसतो, तो मागून घ्यावा लागतो. बसायला पत्र्याच्या शेडखालचे एक बाकडे आहे, आणि गणपतीच्या दिवसांत मुंबईच्या गाड्यांची रांग लागली की दुपारपर्यंत नंबर येत नाही. शिवाय डिझेल इंजेक्टरचे काम येथे होत नाही; तशा गाड्या ते हात न लावता, तपासणीचे पैसेही न घेता, रत्नागिरीला पाठवतात.