मोकळा प्रश्न की पर्यायांचा?

प्रश्नावली तयार करायला बसलं की पहिला पेच हाच पडतो. लोकांना त्यांच्या शब्दांत लिहू द्यायचं, की चार-पाच पर्याय देऊन एकावर खूण करायला सांगायचं? बहुतेक जण पर्यायांकडे वळतात, कारण उत्तरं लगेच मोजता येतात. पण आपण मोजतो ते लोकांचं मत असतं की आपण केलेली यादी?

2008 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीनंतर प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने मतदारांना विचारलं होतं, की मत देताना सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा कोणता होता? काहींना पाच पर्याय वाचून दाखवले, काहींना काहीच सुचवलं नाही. 'अर्थव्यवस्था' पर्यायांत होती तेव्हा ती 58 टक्क्यांनी निवडली. न सुचवता मात्र 35 टक्केच लोक तिचं नाव घेत होते. त्याहून बोलका आकडा पुढचा. त्या पाच पर्यायांपलीकडचं उत्तर पर्यायवाल्यांपैकी जेमतेम 8 टक्क्यांनी दिलं, मोकळं उत्तर देणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांनी. शेवटी 'इतर' असा रकाना ठेवला की राहिलेलं सगळं त्यात येईल, या भरवशावर राहणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

मग सगळंच मोकळं विचारावं का? तसंही नाही. मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा येतो, काही जण प्रश्न सोडून देतात, काही 'ठीक आहे' एवढंच लिहितात. शिवाय आलेली उत्तरं वाचून त्यांचे गट कुणीतरी पाडावे लागतात. पाचशे उत्तरं आली तर हे काम डोईजड होतं.

वयोगट, वापराची वारंवारता अशी उत्तरं आधीच ठाऊक असतील तिथे पर्यायच द्या. 'का' विचारायचं असेल आणि उत्तरांचा अंदाज नसेल, तर मोकळा प्रश्न. माझा कल दोन्ही वापरण्याकडे आहे: आधी वीस-तीस जणांना मोकळं विचारावं आणि त्यांच्याच शब्दांतून मोठ्या सर्वेक्षणाचे पर्याय काढावेत. यात आठवडा जास्त जातो, हे खरं.

प्रश्नच ढोबळ असेल तर मात्र दोन्ही प्रकार सारखेच फसतात. 'तुम्ही नियमित व्यायाम करता का?' यातलं 'नियमित' कुणाला रोज वाटतं, कुणाला आठवड्यातून एकदा. 'गेल्या 7 दिवसांत किती दिवस किमान 30 मिनिटं व्यायाम केलात?' असं विचारलं की सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतात. 'सेवा जलद आणि सौजन्याची होती का?' हे तर दोन प्रश्न आहेत. जलद पण उर्मट सेवा मिळालेल्याने खूण कुठे करायची? पर्यायांत '1 ते 3' आणि '3 ते 5' असं लिहिलं, तर 3 वाला अडकलाच.

दोन्ही प्रकार एकाच प्रश्नावलीत असतील तर मोकळा प्रश्न आधी ठेवा. यादी एकदा वाचली की पुढची उत्तरं तिच्याच शब्दांत येऊ लागतात.