एकाच वाटेवरच्या तीन फरश्या: चार वर्षांच्या वापरानंतर

यावल तालुक्यातील आमच्या घरी केळीच्या बागेतून येणारा प्रत्येक जण पुढच्या ओट्यावरून दिवाणखान्यात शिरतो आणि बोळातून मागच्या अंगणात निघतो. चार वर्षांपूर्वी घर बांधताना याच वाटेवर आम्ही तीन प्रकारच्या फरश्या बसवल्या: दिवाणखान्यात डबल चार्ज व्हिट्रीफाइड, बोळात चकचकीत जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रीफाइड टाइल) आणि ओट्यावर व मागच्या दारी कोटा. तिन्हींवरून तीच माणसे, त्याच चपलांनी ये-जा करत असल्यामुळे तुलना आपोआप झाली.

निराशा केली ती जीव्हीटीने. संगमरवरासारखी नक्षी पाहून घरातल्या सगळ्यांनी ती पसंत केली आणि ‘व्हिट्रीफाइड सगळी सारखीच’ या विक्रेत्याच्या बोलण्यावर मीही विसंबलो. वास्तविक या फरशीत नक्षी वरवर छापलेली असते आणि तिच्यावर काचेसारख्या ग्लेझचा पातळ थर असतो, ज्याची जाडी मिलिमीटरभरही नसते. चपलेच्या तळाला काळ्या मातीबरोबर वाळूची कच चिकटून येते; तिच्यातील क्वार्ट्झ त्या ग्लेझपेक्षा कठीण असल्यामुळे प्रत्येक पावलागणिक थर घासला जातो. दुसऱ्याच उन्हाळ्यात बोळाच्या मधोमध फूटभर रुंदीचा पट्टा निस्तेज झाला. सकाळी दारातून तिरपे ऊन आले की भिंतीलगतची फरशी आरशासारखी चमकते आणि मधली पॉलिश पेपरने घासल्यासारखी दिसते. ग्लेझ्ड फरशीच्या झिजेचा पीईआय वर्ग कॅटलॉगमध्ये पाहावा आणि वर्दळीच्या जागी 4 किंवा 5 वर्गाचीच घ्यावी, हे मला खरेदीनंतर कळले.

डबल चार्जमध्ये रंगाचा थर 3 ते 4 मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे वरचा भाग घासला गेला तरी खाली तोच रंग निघतो. नक्षीला मात्र फारसा वाव नसतो. आमची फरशी पाहून पाहुण्यांनी आजवर एकदाही कौतुक केलेले नाही. पण सोफ्यापुढची जागा आणि कोपऱ्यातली जागा आजही वेगळी ओळखता येत नाही. ओली झाली की ती घसरते, एवढी तक्रार आहे. दुकानात दोन्ही प्रकारांचा तुटका तुकडा मागून त्याची कड पाहावी, म्हणजे रंग किती खोल आहे हे कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

कोटा चरे पडूनही मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण हा दगड आरपार एकसारखा असतो आणि पॉलिशवाल्याला बोलावून तो पुन्हा घासून घेता येतो. दुपारच्या उन्हात ओट्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, हे सोसावे लागते. मूळचा चुनखडक असल्यामुळे त्याला आम्ल चालत नाही. मागच्या दारी एकदा संडास धुण्याचे ॲसिड सांडले, तेव्हा फेस आला आणि ताटाएवढा पांढुरका डाग कायमचा राहिला.

सांध्यांकडे मी मुळीच लक्ष दिले नव्हते. बोळात घड टेकवले जातात आणि केळीचा चीक गळतो. तो फरशीवरून पुसला जातो, पण सिमेंटच्या सांध्यांत मुरून त्या रेघा तपकिरी-काळ्या झाल्या. स्वयंपाकघरातल्या सांध्यांत मिस्त्रीच्या आग्रहाखातर सिमेंटऐवजी, महाग असूनही, एपॉक्सी (राळेचे भरण) भरले होते. भरीत-फोडणीचे तेल आणि हळद पडूनही ते सांधे पहिल्यासारखे आहेत.

दिवाळीपूर्वी बोळातील जीव्हीटी काढून डबल चार्ज बसवण्याचे ठरले आहे. बोळ 18 फूट लांब आणि 4 फूट रुंद असल्याने 2 बाय 2 फुटांच्या फरशीच्या पाच पेट्या लागतील. दिवाणखान्याच्या उरलेल्या दोनच पेट्या माळ्यावर आहेत आणि ती छटा आता येणे बंद झाल्याचे दुकानदार सांगतो.