कट झाला की थांबा: कॅटकॉन सांभाळून गाडी वापरण्याचा काही महिन्यांचा अनुभव

गाडी २०१८ ची आहे. बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा तेव्हाचा सरकारी निकष), पेट्रोल, मॅन्युअल गिअर. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते इंजेक्शनवाल्या कुठल्याही पेट्रोल गाडीला लागू पडतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅटकॉन, हा इंजिनातून धूर बाहेर जायच्या वाटेवरचा डबा, तो धुरातले विषारी वायू कमी करतो.

सर्व्हिस सेंटरने मला हा कॅटकॉन बदलायला सांगितला होता. एस्टिमेट ५८ हजार, मजुरी वेगळी. मी नकार दिला. आज तोच कॅटकॉन गाडीखाली आहे आणि गेल्या पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.०२ टक्के आला. बीएस-४ ला मर्यादा ०.३ आहे. ५८ हजार वाचले याचा आनंद आहेच, पण ते मागितले गेले याचा राग जास्त आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

झालं असं. पेड सर्व्हिस करून गाडी घरी आणली आणि सिग्नलला उभी असताना किंचित थरथरायला लागली. मी लगेच तक्रार लिहून दिली. "नॉर्मल आहे सर, थोडी चालवा, सेट होईल." पुढच्याच आठवड्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढात पिकअप एकदम पडला आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. इथे एक गोष्ट ठळक सांगतो. हा दिवा नुसता लागून राहिला तर सवडीने गॅरेज गाठता येतं. पण तो लुकलुकत असेल तर इंजिन इतकं मिसिंग मारतंय (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही) की कॅटकॉन जळू शकतो, असा त्याचा अर्थ असतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये उतरतं आणि कॅटकॉनच्या आत जाऊन पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी एरवी ४०० ते ८०० अंशांत काम करते. तापमान हजाराच्या वर गेलं की तिच्यावरचा प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप निकामी व्हायला लागतो. त्याहून पुढे गेलं तर जाळीच वितळते आणि धुराचा रस्ता बंद होतो. म्हणून मी तिथेच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला. "हळूहळू सातारा गाठू" म्हणणारे सोबत होते. त्यांचं ऐकलं नाही.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि पी ०४२० हा कोड दाखवला. "कॅटकॉन गेलाय सर." मी सगळ्या कोडची प्रिंट मागितली. ती द्यायला अर्धा तास का लागावा? प्रिंटमध्ये पी ०३०२ सुद्धा होता. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. "तो जुना असेल सर." गाडी तिथून उचलली आणि आमच्या भागातल्या मेकॅनिककडे नेली. त्याने दोन नंबरच्या प्लगला ठिणगी देणारी कॉइल वर खेचली तर रबरी बुटाच्या आत पांढरट-हिरवट थर, आणि प्लगच्या खड्ड्यात चक्क पाणी. सर्व्हिसच्या वेळी इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुतलं होतं. बिलात "इंजिन क्लीनिंग" म्हणून त्याचे पैसेही लावले होते. एक कॉइल आणि चार प्लग मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झालं. पी ०४२० पुन्हा आलेला नाही.

हा कोड कॅटकॉन गेल्याचं सर्टिफिकेट नाही. कॅटकॉनच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तुलना करून ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) काढलेला तो अंदाज असतो. मिसिंग, सायलेन्सरची गळती, म्हातारा झालेला सेन्सर, यातल्या कशानेही तो बिघडू शकतो. नवा कॅटकॉन बसवला असता आणि कॉइल तशीच राहिली असती, तर तो नवाही जळाला असता. ५८ हजार पाण्यात, तेही त्यांनीच मारलेल्या.

त्यानंतर ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ अॅडॅप्टर घेतला. स्वस्तातलाच आहे, मोबाइलवर ॲप टाकलं की झालं. सुरुवातीला मला तो पोराटोरांचा खेळ वाटत होता. ते मत पहिल्या आठवड्यातच बदललं. गाडी गरम झाल्यावर दोन हजार आरपीएमवर धरायची आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख एकाखाली एक लावायचे. माझ्या गाडीत पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली उड्या मारतो आणि मागचा ०.६५ च्या आसपास जवळजवळ सरळ रेघ काढतो. ती सरळ रेघ म्हणजे कॅटकॉन जिवंत आहे. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायला लागला तर काळजी करायची. ही तपासणी मी आता पाच मिनिटांत घरच्या पार्किंगमध्ये करतो. वर्कशॉपमध्ये तिला "डायग्नोस्टिक चार्जेस" म्हणतात.

आता पेट्रोल पंप. हा भाग मोठा होणार, कारण माझ्या मते लोक सगळ्यात जास्त नुकसान इथे करून घेतात आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

टाकी फुल करायला सांगितली की नोझल एका क्षणी खट्‌कन बंद पडते. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल किंवा त्याचा फेस तिथपर्यंत चढला की भोक बुजतं, आतली हवेची ओढ बदलते आणि खटका सुटतो. याचा अर्थ टाकी भरली. पण आपल्याकडे तो खटका म्हणजे बोलणी सुरू करण्याची खूण झाली आहे. "काका, दोन हजार तीनशे एक्केचाळीस झाले. चोवीसशे करू?" आणि उत्तराची वाट न बघता पोरगा नोझल थोडी वर ओढून दाबत राहतो, खट्, पुन्हा खट्, मान वाकवून पाहतो, पुन्हा दाबतो.

टाकीत वर उरलेली जागा फुकट नसते, ती पेट्रोलच्या वाफेसाठी आणि फुगवट्यासाठी ठेवलेली असते. जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल ४० लिटर भरलं आणि ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये ते १५ अंशांनी तापलं, तर ते अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच फुगतं. जागा नसेल तर ते वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये जातं. कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा. तो वाफ शोषण्यासाठी आहे, पातळ पेट्रोल पिण्यासाठी नाही. डब्यातली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडला की भिजलेल्या डब्यातून हिशेबाबाहेरचं पेट्रोल इंजिनात शिरतं, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त, हवा कमी) आणि न जळलेला भाग पुन्हा कॅटकॉनच्या माथी.

हे पुस्तकी ज्ञान नाही. एकदा मी टायरमध्ये हवा भरून घेत होतो आणि तेवढ्यात पंपावरच्या माणसाने तोंडापर्यंत टाकी भरून ठेवली. त्या दिवशी गरम गाडी स्टार्ट व्हायला दोनदा किल्ली मारावी लागली, आत पेट्रोलचा वास, आणि ॲपवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) उणे १२ टक्क्यांपर्यंत. एरवी ते अधिक-उणे पाचात असतं. म्हणजे ईसीयू जीव तोडून पेट्रोल कमी करत होता. टाकी थोडी उतरेपर्यंत हे चाललं.

राउंड फिगर सुट्या पैशांच्या अडचणीसाठी होती. आज सगळे क्यूआर स्कॅन करतात, तेवीसशे एक्केचाळीस रुपये पैशांसकट जातात. मग राउंड कशासाठी? मी आता गाडीतून उतरून उभा राहतो आणि आधीच सांगतो, "दादा, पहिल्या कटला नोझल बाहेर." आमच्या नेहमीच्या पंपावरच्या ताई आता न सांगता थांबतात. दुसरीकडे अजून वाद होतात. करतो मी वाद. कॅनिस्टरचे चार-पाच हजार आणि कॅटकॉनचे पन्नास-साठ हजार मला द्यायचे आहेत, त्यांना नाही.

दुसरं टोक म्हणजे टाकी कोरडी होऊ देणं. रिझर्व्हवर ताणत राहिलं की वळणावर, चढावर टाकीतल्या पंपाला पेट्रोलऐवजी हवा लागते, इंजिन मिसिंग मारतं आणि पुन्हा तोच सगळा प्रकार. पाव टाकीच्या खाली मी जात नाही. पावसाळ्यात तर नाहीच. आता मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. म्हणून खप भरपूर असलेला पंप बघायचा. शंका आली तर फिल्टर पेपर मागायचा, तो ग्राहकाचा हक्क आहे. एक थेंब टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहिला तर तिथे पेट्रोल भरायचं नाही. रॉकेल-सॉल्व्हंटची भेसळ प्लगपासून कॅटकॉनपर्यंत सगळ्यांची वाट लावते.

महागड्या पेट्रोलबद्दल माझं मत मध्येच बदललं. या प्रकरणानंतर काही टाक्या मी ९५ ऑक्टेनवालं भरलं, कॅटकॉनला चांगलं म्हणून. सेन्सरचे आलेख तसेच, ट्रिम तशीच, ॲव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. बंद केलं. कॅटकॉनच्या दृष्टीने खरा फरक गंधकाचा असतो. बीएस-४ पेट्रोलमध्ये मर्यादा ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) होती, एप्रिल २०२० पासून देशभर १० आहे. म्हणजे माझ्या गाडीला ती बनली तेव्हापेक्षा स्वच्छ पेट्रोल साध्या नोझलमधूनच मिळतंय. मग लिटरमागे जादा पैसे का मोजायचे? काउंटरवरच्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्याही नकोत. काहींमध्ये मँगनीजची संयुगं असतात आणि त्याचा थर जाळीवर बसतो. शिशाचं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशात बंद झालं, त्यामागे हेही एक कारण होतं की शिसं कॅटॅलिस्टला कायमचं मारतं. तेच दुसऱ्या धातूच्या रूपाने आपण विकत घेऊन ओतायचं, हे मला पटत नाही.

ई-२० बद्दल मात्र तक्रार आहे. ट्रिम अधिकमध्ये सरकली, ती ईसीयू सांभाळून घेतो आणि कॅटकॉनला त्रास दिसत नाही. पण ॲव्हरेज पडलं. नीती आयोगाच्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांची घट धरली होती. दर मात्र तेवढ्याने कमी झाला नाही. हे चुकीचं आहे आणि ते बोललं पाहिजे.

चालवण्याच्या सवयींत फार सांगण्यासारखं नाही. सकाळी दहा मिनिटं उभ्या गाडीला गरम करत बसायचं नाही. थंड इंजिन रिच चालतं आणि अडीचशे-तीनशे अंश येईपर्यंत कॅटकॉन काम सुरू करत नाही. अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवायचा. घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना वाटतं पेट्रोल वाचतं. स्कॅनरवर बघा. गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजेक्टर पूर्ण बंद होतात, न्यूट्रलमध्ये आयडलिंगचं पेट्रोल जळत राहतं. ब्रेक तापतात ते वेगळंच. किल्ली बंद करून उतरणाऱ्यांशी तर मी बोलतही नाही, पॉवर स्टीअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही जातात.

बॅटरी उतरली की सोसायटीतले सगळे धक्का मारायला तयार असतात. नको म्हणायचं. मॅन्युअलमध्येही नको लिहिलंय. धक्का स्टार्टमध्ये इंजिन पकडेपर्यंतचं कच्चं पेट्रोल सरळ कॅटकॉनमध्ये जातं. जंपर केबल डिकीत ठेवा, सात-आठशे रुपयांत मिळते. साचलेल्या पाण्यात घुसवणं टाळा, तापलेल्या सिरॅमिकवर थंड पाणी आलं की तडा जाऊ शकतो. आणि वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, आग लागते. जवळच्या जवळ गाडी काढल्याने कॅटकॉन जातो असं सांगतात, त्याला मी फार वजन देत नाही. धूर जास्त निघतो, ऑइल खराब होतं, हे खरं. ऑइलची पातळी मात्र बघत राहा. इंजिन ऑइल पीत असेल तर त्यातला फॉस्फरस जाळीवर बसतो आणि तो धुऊन निघत नाही.

आणखी एक गोष्ट चीड आणणारी. मधल्या काळात एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "कॅटकॉन काढून टाकू साहेब, आत पाईप मारून देतो, पिकअप बघा कसा येतो. पैसेही नकोत." पैसे नकोत, कारण आतली जाळी तो भंगारात विकणार. ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या वर गेलेला आहे हे त्याला माहीत असतं, आपल्याला नसतं. आपल्या गाडीतून विनाप्रक्रिया सीओ मागच्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकात जाणार, पीयूसीत गाडी नापास होणार आणि वर माल त्याचा. खरोखरच कॅटकॉन बदलायची वेळ आली तर जुना पार्ट हातात मागा, जॉबकार्डवर तसं लिहून घ्या.

सर्व्हिस सेंटरला मी इंजिन धुतल्याची लेखी तक्रार दिली, कॉइलचा फोटो जोडला. क्लीनिंगचे पैसे परत आले, कॉइलचे आले नाहीत. आता जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने "इंजिनवर पाणी मारू नये" लिहून सही घेतो.

उरलेल्या तीन कॉइल बदलाव्यात का, हा प्रश्न होता. मेकॅनिक म्हणाला, चालतायत तोवर चालू दे. एक नवी कॉइल आणि दहा नंबरचा पाना डिकीत ठेवलाय. एकच बोल्ट आहे, इंजिन गार असेल तर रस्त्यात बदलता येते.